परभणी जिल्ह्याची रक्तशर्करा : एका आकड्याची साधनचिकित्सा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतील (२०१९-२१) परभणी जिल्ह्याचे तथ्यपत्रक ज्यांनी चाळले असेल, त्यांच्या नजरेस रक्तशर्करेविषयीचे रकाने पडले असतीलच. पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रीपुरुषांपैकी शेकडा किती जणांची रक्तशर्करा १४१ ते १६० मिलिग्रॅम होती, किती जणांची १६० च्याही वर होती, आणि या दोहोंत औषध घेणारे मिळविले असता बेरीज किती होते, हे तेथे एका दशांशस्थळापर्यंत दिलेले आहे. लगतच्या रकान्यात, म्हणजे २०१५-१६ च्या चौथ्या फेरीच्या जागी, मात्र आकडा उपलब्ध नसल्याची खूण आहे. वस्तुतः चौथ्या फेरीतही रक्तशर्करा मोजली गेली होती, एवढेच नव्हे तर जिल्हावार आकडे देणारी ती पहिलीच फेरी होती. तेव्हा तो रकाना रिकामा का ठेवला गेला, हा प्रश्न अभ्यासकाने विचारावयास हवा. प्रस्तुत निबंधाचा हेतू त्या रिकाम्या जागेचा अर्थ लावण्याचा आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्यास साधनचिकित्सा नवीन नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून कागद अस्सल की नक्कल, लिहिणारा प्रसंगी हजर होता की नव्हता, हे पाहिल्यावाचून विधान करू नये अशी शिस्त आपल्याकडे रूढ झाली. परंतु आकडा समोर आला की तीच शिस्त आपण सोडून देतो. कागदाला लेखक असतो तसा आकड्याला यंत्र असते. आणि मराठीत ‘साधन’ हा शब्द दोहोंसही लागू पडतो, ही सोयीची गोष्ट आहे.

मधुमेहाच्या परीक्षेचे सर्वांत जुने साधन म्हणजे मुंगी. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाच्या पूर्वरूपांमध्ये रोग्याच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या धाव घेतात असे सांगितले आहे. या साधनाची खरी मर्यादा अशी की त्यातून होय किंवा नाही एवढेच कळते, किती ते कळत नाही. इंग्लंडात टॉमस विलिस याने १६७४ साली मूत्राच्या गोडीची नोंद केली. लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन याने १७७६ साली मूत्र आटवून त्यातील शर्करा प्रत्यक्ष दाखविली व रोग्याच्या रक्तातील द्रवही गोड असल्याचे लिहिले. रोग मूत्रपिंडाचा नसून सर्व शरीराचा आहे, या समजुतीला तेथून आधार मिळू लागला.

पुढील दीड शतकाचा तपशील येथे आवश्यक नाही. स्टॅन्ली बेनेडिक्ट याचे निळे द्रावण मात्र वगळता येत नाही, कारण आपल्याकडील कित्येक घरांत ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वापरात होते. परीक्षानळीत पाच मिलिलिटर द्रावण, त्यात मूत्राचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळा रंग तसाच राहिला तर शर्करा नाही, हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी झाला तर उत्तरोत्तर अधिक. ही परीक्षा स्वस्त होती, पण तिच्यात एक मूलभूत अडचण होती. रक्तातील शर्करा सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याखेरीज मूत्रात सहसा उतरत नाही. सबब १५० आणि ६० यांतील फरक या नळीस दिसत नसे. पहिल्या रोग्यास वाट पाहता येते, दुसऱ्यास ताबडतोब साखर दिली नाही तर तो बेशुद्ध होण्याचा संभव असतो. दोघांच्याही नळीत रंग निळाच.

रक्तातील शर्करा प्रयोगशाळेत मोजण्याच्या पद्धती १९१० नंतर रूढ झाल्या. त्यांतील फोलिन व वू यांची पद्धत (१९२०) दीर्घकाळ चालली. तिच्यात ग्लुकोजखेरीज रक्तातील इतरही काही क्षपणकारी द्रव्ये मोजली जात, त्यामुळे उत्तर वास्तवापेक्षा जास्त येई. सोमोजी व नेल्सन यांच्या सुधारणेनंतर (१९४४-४५) हा फुगवटा बराच कमी झाला. म्हणजे त्याच माणसाचे तेच रक्त एका दशकात अधिक गोड व पुढच्या दशकात कमी गोड ठरले. वैद्यकाच्या जुन्या पुस्तकांतील ‘स्वाभाविक’ मर्यादा आजच्या मर्यादांशी जुळत नाहीत याचे एक कारण हे आहे, आणि ते न जाणता जुनी रुग्णपत्रे वाचणारा फसण्याची शक्यता पुष्कळ.

भारतात मधुमेहाची पहिली विस्तृत गणना भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७२ ते १९७५ या काळात केली. अहमदाबाद, कलकत्ता, कटक, दिल्ली, पुणे व त्रिवेंद्रम या सहा केंद्रांतून ती झाली, आणि मराठी मुलुखापुरते पाहता पुणे हेच तिचे केंद्र होते. ५० ग्रॅम ग्लुकोज पाजून नंतर केशवाहिनीतील रक्तात १७० मिलिग्रॅमपेक्षा अधिक शर्करा आढळल्यास मधुमेह, असा निकष होता. चौदा वर्षांवरील लोकांत नागर भागात शेकडा २.१ व ग्रामीण भागात १.५ असा निष्कर्ष निघाला. याच परिषदेच्या ‘इंडियाब’ नामक पाहणीचा पहिला टप्पा २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यात महाराष्ट्राचे प्रमाण नागर भागात १०.९ व ग्रामीण भागात ६.५ आढळले. या खेपेस ग्लुकोज ७५ ग्रॅम होते, मर्यादा २२० होती, आणि रक्त परीक्षानळीत न जाता हातात मावणाऱ्या ग्लुकोमीटरच्या पट्टीवर गेले होते. दीड व साडेसहा यांमधील वाढ खोटी आहे असे कोणी समजू नये. आहारविहारातील बदल पाहता ती बव्हंशी खरीच असली पाहिजे. परंतु तिचा किती अंश रोगाचा व किती मापाचा, हे दोन आकडे नुसते शेजारी मांडून सांगता येणार नाही.

पट्टीची उत्पत्ती अमेरिकेतील एम्स कंपनीच्या प्रयोगशाळेत झाली. मूत्रपरीक्षेची कागदी पट्टी तेथे १९५६ साली निघाली. रक्ताची ‘डेक्स्ट्रोस्टिक्स’ ही पट्टी त्यानंतर सुमारे आठ-नऊ वर्षांनी. बोटाचा मोठा थेंब पट्टीवर टाकावयाचा, घड्याळ पाहून साठ सेकंद थांबावयाचे, पाण्याच्या धारेने रक्त धुऊन टाकावयाचे आणि उरलेला रंग डबीवरील रंगांशी ताडून पाहावयाचा, असा विधी होता. दोन परिचारिकांचे डोळे एकाच रंगाविषयी एकमत होत नसत, म्हणून १९७० च्या सुमारास रंग वाचणारे यंत्र आले. ते विजेवर चालणारे, जड व महाग असून दवाखान्यात ठेवण्यासाठीच केलेले होते. रंगाऐवजी विद्युत्प्रवाह मोजण्याची कल्पना लेलँड क्लार्क व चँप लायन्स यांनी १९६२ सालीच मांडली होती. लेखणीच्या आकाराचे तसे यंत्र १९८७ मध्ये बाजारात आले. विकर ग्लुकोजशी संयोग पावते, इलेक्ट्रॉन सुटतात, त्यांचा प्रवाह मोजला जातो आणि आतील गणकयंत्र त्याचे मिलिग्रॅममध्ये रूपांतर करते. प्रवाहाचे असे भाषांतर करणारे समीकरण प्रत्येक निर्मात्याचे वेगळे, आणि पट्ट्यांच्या प्रत्येक घाण्यागणिक त्यातील अंक बदलतात. पडद्यावर जो आकडा उमटतो तो प्रत्यक्ष दर्शन नव्हे, अनुवाद होय.

यंत्रे पुष्कळ झाली तेव्हा त्यांची परीक्षा कशी करावी हा प्रश्न उभा राहिला. आरंभी संशोधक यंत्राचे व प्रयोगशाळेचे आकडे घेऊन त्यांचा सहसंबंध काढीत व तो ०.९५ आला की समाधान मानीत. ही रीत फसवी होती. एखादे यंत्र सदैव वीस टक्के जास्तच दाखवीत असेल तरी त्याचा सहसंबंध उत्तम येतो. ब्लंड व ऑल्टमन यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा दोष उघड केला आणि दोन मापांतील फरकच आलेखावर मांडावा असे सुचविले. पुढच्याच वर्षी व्हर्जिनिया विद्यापीठातील क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळाच प्रश्न विचारला : चूक किती मोठी आहे यापेक्षा त्या चुकीमुळे रोगी काय करील? खरी शर्करा ३०० असता यंत्राने २५० दाखविली तर उपचार बदलत नाही. खरी ५५ असता ११० दाखविली तर जीवावर बेतते. त्यांनी आलेखाचे पाच प्रदेश पाडले आणि शेवटच्या प्रदेशात उच्च नीच म्हणून व नीच उच्च म्हणून वाचले जाण्याच्या चुका घातल्या. या विषयाच्या इतिहासात ही मांडणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिने अचूकतेची व्याख्या यंत्राकडून काढून माणसाकडे आणली.

ही भीती केवळ तर्काची नव्हती. काही पट्ट्यांवरील विकर (पी.क्यू.क्यू. प्रकारचे ग्लुकोज डिहायड्रोजनेज) माल्टोज या निराळ्या शर्करेलाही ग्लुकोज समजत असे. उदरमार्गाने रक्तशुद्धी करून घेणाऱ्या मूत्रपिंडाच्या रोग्यांच्या रक्तात एका द्रावणातून माल्टोज उतरे, यंत्र फुगीर आकडा दाखवी, आणि त्यावर विसंबून इन्सुलिन दिले जाई. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली याविषयी जाहीर इशारा दिला, तेव्हा १९९७ पासूनच्या तेरा मृत्यूंची नोंद त्यांच्या दप्तरी होती. पुढे अशा पट्ट्यांतील विकर बदलण्यात आले.

आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेचे १५१९७ क्रमांकाचे मानक २००३ साली प्रसिद्ध झाले व २०१३ साली कडक करण्यात आले. सुधारित मानकाप्रमाणे शंभर मिलिग्रॅम व त्यावरील शर्करेसाठी शेकडा ९५ मापे प्रयोगशाळेच्या मापाच्या अधिकउणे १५ टक्क्यांत आणि शंभराखाली अधिकउणे १५ मिलिग्रॅमांत पडली पाहिजेत. आपल्या देशात ग्लुकोमीटर औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आणणारी अधिसूचना डिसेंबर २०१८ मध्ये निघाली. विक्रीतील नफ्यावर मर्यादा जुलै २०२१ मध्ये आली.

आता परभणीच्या पत्रकाकडे वळू. पंधरा टक्क्यांची ही मुभा पत्रकातील रकान्यांना लावून पाहावी. एखाद्या शेतकऱ्याची खरी रक्तशर्करा १५० आहे असे धरा. मानकात पूर्ण उतरणाऱ्या यंत्रालाही तेथे १२७.५ पासून १७२.५ पर्यंत काहीही दाखविण्याची परवानगी आहे. म्हणजे तो गृहस्थ ‘स्वाभाविक’, ‘उच्च’ व ‘अत्युच्च’ या तिन्ही कोष्टकांपैकी कोठेही बसू शकतो, आणि तरीही यंत्र निर्दोषच ठरते. वीस मिलिग्रॅम रुंदीचे कोष्टक मोजण्यास पंचेचाळीस मिलिग्रॅम रुंदीची मुभा असलेले माप वापरल्यास दुसरे काय होणार? शेतमोजणीच्या साखळीने सोने तोलण्यासारखे हे नसले, तरी तराजूच्या काट्यापेक्षा वजनातील फरक बारीक आहे एवढे खास.

चुका दोन्ही बाजूंस होतात, तेव्हा शेकडो माणसांच्या बेरजेत त्या एकमेकींस खोडतील, असे यावर म्हटले जाते. व्यक्तीच्या सरासरीपुरते ते खरे आहे, रेषेच्या वर-खाली मोजण्यापुरते नाही. समजा, एखाद्या वस्तीत १४० च्या किंचित खाली शंभर माणसे आहेत व किंचित वर चाळीस. यंत्राच्या चंचलपणामुळे दोन्हीकडील पाचवा हिस्सा रेषा ओलांडतो असे धरले तर वीस जण वर जातील आणि आठ खाली येतील. बाराजणांची भर पडली ती रोगाने नव्हे. रेषेखाली नेहमीच गर्दी अधिक असल्यामुळे चंचल यंत्र प्रमाण सहसा फुगवितेच. यात यंत्राचा कल स्थिर स्वरूपाचा, म्हणजे सदा पाच टक्के वर किंवा खाली, असेल तर प्रकरण आणखी बिघडते. शिवाय ही मापे जेवणाची वेळ न पाहता घेतलेली आहेत. भाकरी खाऊन तासाभराने व उपाशीपोटी सुई टोचलेली माणसे एकाच रकान्यात आहेत. रोगनिदानाचा हा मार्ग नव्हे, आणि पाहणीकारांनी तसा दावाही केलेला नाही. दावा करतात ते पत्रक वाचणारे.

आता त्या रिकाम्या रकान्याविषयी. चौथ्या फेरीत स्त्रिया ४९ वर्षांपर्यंतच्या व पुरुष ५४ वर्षांपर्यंतचे होते. पाचवीत वरची वयोमर्यादा उरली नाही. मधुमेह तर उतारवयातच अधिक. चौथ्या फेरीत १४० च्या वरील सर्वांना ‘उच्च’ म्हटले होते, पाचवीत १६० पर्यंतच्यांनाच. यंत्रेही वेगळी : २०१५-१६ मध्ये फ्रीस्टाइल ऑप्टियम एच, २०१९ मध्ये ॲक्यु-चेक परफॉर्मा. एकाच्या पट्टीवरील विकर एन.ए.डी. प्रकारचे, दुसऱ्याच्या पी.क्यू.क्यू. घराण्यातले. दोन्ही यंत्रे चांगली म्हणूनच निवडली गेली असणार. पण दोन चांगल्या मापांमध्येही तफावत असते, आणि परभणीतील त्याच माणसांवर दोन्ही एकाच दिवशी लावून पाहिल्याखेरीज ती वजा करता येत नाही. या विभागातील वाचकांस एक समांतर उदाहरण पटकन कळेल. ‘परभणी जिल्ह्याची लोकसंख्या’ १९९१ ची व २०११ ची (१८,३६,०८६) अशी सरळ ताडून पाहणाऱ्यास आपण लगेच थांबवू, कारण १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. नाव तेच, वस्तू दुसरी. ‘रक्तशर्करा उच्च असलेले’ या शब्दांचेही दोन फेऱ्यांच्या दरम्यान तसेच विभाजन झाले आहे. तो रकाना रिकामा ठेवणाऱ्यांनी इतिहासकाराचेच काम केले. जुन्या पत्रकातून आकडा उचलून तो भरणारे ते मोडतात.

स्थानिक परिस्थितीचाही विचार केला पाहिजे. यंत्रांची परीक्षा साधारण २३ अंशांच्या आसपास, हवा नियंत्रित असलेल्या खोलीत होते. पट्ट्या साधारणतः तीस अंशांच्या आत ठेवाव्यात असे डबीवर छापलेले असते. वैशाखात जिंतूर किंवा गंगाखेडच्या पत्र्याच्या घरात ते कसे साधावे हे छापणाऱ्यास ठाऊक नसावे. मात्र या मुद्द्याचा विपर्यासही करू नये. पाचव्या फेरीचा महाराष्ट्राचा समावेश असलेला पहिला टप्पा जून २०१९ च्या मध्यानंतर सुरू झाला, म्हणजे ऐन उन्हाळा टळला होता. पावसाळी दमटपणा हा त्या दिवसांतील खरा शत्रू, कारण झाकण उघडे राहिलेल्या डबीतील पट्ट्या ओलाव्याने बिघडतात. उन्हाळ्याची भीती पाहणीपेक्षा घरोघरी रोज मापणाऱ्या रोग्यास अधिक आहे.

दुसरी गोष्ट पांडुरोगाची. रक्तात तांबड्या कणांचे प्रमाण घटले की थेंबात द्रवभाग वाढतो, शर्करा पट्टीवर सहज पोचते आणि पुष्कळ यंत्रे आकडा चढा दाखवितात. याच पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४.२ पांडुरोगी आढळल्या. सौम्य पांडुरोगाने फरक थोडा पडतो व नवी यंत्रे तो सावरून घेतात हे खरे. तीव्र पांडुरोगात मात्र तसे म्हणता येत नाही. स्त्रियांच्या व पुरुषांच्या रकान्यांची तुलना करताना ही छाया ध्यानात ठेवावी.

तिसरी गोष्ट हाताची. जपानमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फळ सोललेल्या बोटाचे रक्त तपासता आकडा भलताच चढला, व स्पिरिटच्या बोळ्याने पुसूनही उतरला नाही; पाण्याने हात धुतल्यावर मात्र ठीक आला. प्रस्तुत लेखकास याचे प्रत्यंतर घरीच आले. संक्रांतीच्या सकाळी तिळगूळ वळून उठलेल्या मातोश्रींच्या बोटाने २८६ दाखविले. घरात धावपळ झाली, औषधाची जादा गोळी देण्याची गोष्टही निघाली. हात धुऊन पुन्हा पाहता १७१. गोळी दिली असती तर तो आकडा कोणाच्या खात्यावर मांडावयाचा?

अखेरीस, यंत्र ज्याच्याशी ताडावयाचे ती प्रयोगशाळा तरी कितपत विश्वसनीय? शिरेतील रक्त काढून ठेवले की त्यातील पेशी स्वतःच ग्लुकोज खात राहतात. साध्या तपमानाला ताशी पाच ते सात टक्के शर्करा त्यामुळे नाहीशी होते, उष्म्यात अधिक. नळीतील फ्लुओराइड हे थांबविते, पण त्याचा पुरता अंमल बसण्यास तास-दोन तास जातात. पालम तालुक्यातील एखाद्या खेड्यात सकाळी घेतलेली नळी जिल्ह्याच्या ठिकाणी दुपारी तपासली गेली, तर शंभरावर नव्वदच येण्याचा संभव आहे, आणि बिछान्याशेजारी शंभर दाखविणारे यंत्र मात्र त्या तुलनेत चुकलेले ठरेल. त्यातच रक्तद्रवातील शर्करा समग्र रक्तातील शर्करेपेक्षा सुमारे अकरा टक्के जास्त असते. जुनी यंत्रे समग्र रक्ताचा आकडा देत, नवी रक्तद्रवाचा. १९९० च्या वहीतील १२० व आजच्या वहीतील १२० हे एकच नव्हेत.

परभणीचा आकडा टाकाऊ आहे, असे यावरून ठरत नाही. एकाच फेरीत, एकाच जातीच्या यंत्राने व एकाच पद्धतीने मोजलेले जिल्हे परस्परांशी ताडून पाहण्यास तो उपयोगी आहे. लातूर, नांदेड, हिंगोली यांच्या पंक्तीत तो ठेवावा. १६० च्या वरील रकाना १४१ ते १६० च्या रकान्यापेक्षा अधिक भरवशाचा, कारण दूरवर गेलेली शर्करा यंत्राच्या चंचलपणाने स्वाभाविक कोष्टकात परत येत नाही. औषध घेणाऱ्यांची संख्या तर यंत्रावर मुळीच अवलंबून नाही. जिल्ह्याच्या आरोग्ययोजनेसाठी आधार घ्यावयाचा तर याच क्रमाने घ्यावा.

आणि पुढील फेऱ्यांच्या अभ्यासकांसाठी एक विनंती. तालुक्याच्या दवाखान्यांतून रोज शेकडो बोटांची मापे वहीत चढविली जातात. आकड्याच्या शेजारी यंत्राचे नाव, पट्टीच्या डबीचा क्रमांक, जेवणानंतरचे तास व हात धुतले की नाही, एवढे चार शब्द लिहिण्यास जागा ठेवली जावी. मोडी दप्तरातील कागदावर शक, तिथी व शिक्का नसला की आपण जसे चाचपडतो, तसे त्या वहीपुढे आणखी पन्नास वर्षांनी कोणास चाचपडावे लागू नये यासाठी तूर्त वहीच्या समासात एक जादा रकाना आखला तरी भागेल.